आल्सासची ‘गाइडसह’ सायकल सहल: पैसे भरायच्या आधी हे वाचा

एजंट पैसे घेऊन पळाला, विमानतळावर गेल्यावर तिकिटंच खोटी निघाली, अशा बातम्या आपण वाचतो. आमचं तसं झालं नाही. विमान उडालं, व्हिसा खरा होता, सायकली मिळाल्या, द्राक्षमळ्यांतून फिरणंही झालं. फसवणूक झाली ती या सगळ्याच्या आत, तुकड्यातुकड्याने, आणि प्रत्येक तुकड्याला आमच्या एजंटकडे एक गोड उत्तर तयार होतं. पूर्ण बुडवणाऱ्याविरुद्ध तक्रार तरी करता येते. निम्मं देऊन निम्मं खाणारा सहजासहजी हाती लागत नाही, म्हणून जरा सविस्तर लिहिते आहे.

आम्ही नाशिकचे, सकाळी त्र्यंबक रोडला सायकली काढणारे, बहुतेक पन्नाशी-साठीतले. दोघांच्या दिंडोरीकडे स्वतःच्या द्राक्षबागा आहेत. फ्रान्समधल्या आल्सासचं नाव निघाल्यावर ते दोघे सर्वांत आधी तयार झाले. ऱ्हाइन नदी आणि व्होज डोंगररांग यांच्या मधला हा चिंचोळा पट्टा. मार्लेनहाइमपासून थानपर्यंत सुमारे १७० किलोमीटरचा इथला वाइन रस्ता १९५३ सालापासूनचा. पश्चिमेकडून येणारा पाऊस डोंगर अडवतात, त्यामुळे कोल्मार हे फ्रान्समधल्या सर्वांत कोरड्या शहरांपैकी एक आहे आणि रीसलिंग, गेवुर्त्सट्रामिनर ही द्राक्षं तिथे छान पिकतात. आमच्या बागायतदारांना सायकलीपेक्षा यातच जास्त रस होता, हे खरं.

कार्यक्रमपत्रिका देखणी होती. रीकविर आणि केझर्सबर्ग या जुन्या गावांत तीनतारांकित हॉटेलं. फ्रान्समधला परवानाधारक गाइड. दिवसभर मागे सपोर्ट व्हॅन. चांगल्या बॅटरीच्या ई-बाइक. खास आमच्यासाठी वाइन चाखण्याचे कार्यक्रम. आणि शेवटी डोंगर: मुन्स्टरहून श्लुख्त खिंड, तिथून माथ्यावरच्या रस्त्याने १४२४ मीटर उंचीचं ग्रां बालों, वाटेत डोंगरातल्या शेतघरी मुक्काम, मग थानला उतरायचं. माणशी २ लाख ८५ हजार रुपये, विमान आणि व्हिसा वेगळा. बिलात टीसीएसची, म्हणजे विक्रेत्याने सरकारसाठी गोळा करायच्या कराची, रक्कम स्वतंत्र ओळीत दाखवलेली. ही ओळ लक्षात ठेवा, पुढे तिचं काम आहे.

कोल्मारला पोहोचलो तर मुक्काम शहराबाहेर, महामार्गालगतच्या एका स्वस्त हॉटेलात. ‘ताई, द्राक्षतोडणीचा हंगाम आहे, गावांतली हॉटेलं ओव्हरबुक झाली,’ असा एजंटचा मेसेज आला. पटण्यासारखं होतं. सप्टेंबरात तिथे तोडणी जोरात असते, ट्रॅक्टर रस्त्याने सारखे ये-जा करतात. पण रीकविरला गेलो तेव्हा आमच्यातल्या एका ताईंनी व्हिसाच्या फाइलमधलं बुकिंग काढून सरळ त्या हॉटेलच्या रिसेप्शनवर दाखवलं. तिथल्या बाईंनी संगणकात पाहिलं. बुकिंग खरं होतं, आणि आमचे पासपोर्ट व्हिसा लागून परत आल्याच्या दुसऱ्याच दिवशी ते रद्द झालेलं होतं. हॉटेलने नव्हे, ज्याने केलं होतं त्यानेच. पुढे केझर्सबर्गच्या हॉटेलला मेल केली, तिथेही तेच. ही युक्ती सर्रास चालते, असं आता कळतंय: विनाशुल्क रद्द होणारी बुकिंगं करायची, ती व्हिसाच्या अर्जाला जोडायची, शिक्का पडला की रद्द करायची. अर्जावर सही मात्र आपली असते. उद्या वकिलातीने विचारलं तर उत्तर आपण द्यायचं, एजंटने नव्हे.

गाइड म्हणून आला तो जर्मनीत शिकणारा आपल्याकडचाच एक मुलगा. गोड पोरगा, पण या भागात तोही पहिल्यांदाच आलेला. फोनवरचा नकाशा बघत पुढे जायचा आणि दोन फाटे आले की आमच्याइतकाच गोंधळायचा. ‘काकू, मला फक्त ग्रुपसोबत राहायला सांगितलंय,’ असं त्यानेच सांगून टाकलं. त्याच्यावर माझा राग नाही. त्याचेही अर्धे पैसे अजून यायचे आहेत. पण फ्रान्समध्ये पैसे घेऊन सायकलस्वारांचं नेतृत्व करायला ठराविक पदविका आणि सरकारी व्यावसायिक ओळखपत्र लागतं, आणि त्याच्याकडे यातलं काहीच नव्हतं. काही अपघात झाला असता तर जबाबदारी कोणाची, हा प्रश्न तेव्हा कोणी विचारला नाही. डोंगराच्या दिवशी तो सगळ्यांच्याच मनात आला.

त्या दिवसाबद्दल थोडं जास्त लिहिते. मुन्स्टर ते श्लुख्त हा साधारण १७ किलोमीटरचा सलग चढ आहे, खिंड ११३९ मीटरवर. चढ फार तीव्र नाही. कसारा घाट सायकलने चढलेल्याला तो धडकी भरवणार नाही, पण साठी ओलांडलेल्यांनी ई-बाइकच्या भरवशावरच होकार दिला होता. हातात आलेल्या गाड्या शहरात भाजी आणायला बऱ्या अशा, लहान बॅटरीच्या. सामान वाहणाऱ्या व्हॅनचं भाडं फक्त सकाळचं दिलेलं होतं. हॉटेलातून बॅगा उचलून ती निघून गेली. निम्म्या चढावर आमच्या गटातल्या एका काकांची बॅटरी संपली. बॅटरी संपलेली ई-बाइक म्हणजे पंचवीस किलोचं लोखंड. वर धुकं उतरलेलं, वारा बोचरा, आणि फोनवर एजंटचं एकच पालुपद: ‘व्हॅन निघालीय, ताई, वीस मिनिटांत पोहोचेल.’ व्हॅन आली नाही. शेवटी काका ब्रेक दाबत उतारावरून मुन्स्टरला परत आले आणि सायकलसकट रेल्वेने कोल्मारला गेले. मुन्स्टर-कोल्मार लोकलमध्ये सायकल नेता येते, हे त्यांना स्टेशनवरच्या एका शाळकरी मुलीने सांगितलं.

आम्ही काहीजण खिंडीपर्यंत पोहोचलो. माथ्यावरचा तो रस्ता पहिल्या महायुद्धात फ्रेंच सैन्याने जर्मनांच्या नजरेआड राहून रसद हलवण्यासाठी बांधला. दोन्ही बागायतदारांना त्याच्या पलीकडे थानजवळचा रांगेनचा खडा द्राक्षमळा बघायचा होता. ग्रां बालों राहिलं, रांगेनही राहिलं. शेतघरचा मुक्काम ‘हवामानामुळे रद्द’ झाला, असं सांगण्यात आलं. नंतर त्या शेतघराला फोन केला. आमच्या नावाचं बुकिंग कधी झालंच नव्हतं.

‘खास वाइन चाखणी’ची गोष्ट त्या मानाने किरकोळ. त्या गावांत बऱ्याच उत्पादकांच्या दारावर चाखणी-विक्रीची पाटी असते; आत जायचं, थोडं चाखायचं, आवडलं तर बाटली घ्यायची. आम्हाला अशाच एका दारात नेलं. माणशी साडेचार हजार रुपये आधीच घेतलेले होते. त्या मालकाला आमच्या नावाने कोणी एक युरोही दिलेला नव्हता.

परत आल्यावर एजंटचा सूर बदलला. ‘युरोपात असं होतंच,’ ‘तुमची क्षमता आम्ही जास्त धरली होती,’ वगैरे. तोंडी वादात तोच जिंकला असता. आमच्या गटातल्या सीएने मात्र त्या टीसीएसच्या ओळीवर बोट ठेवलं. परदेशी सहलीच्या पॅकेजवर भारतातला विक्रेता हा कर गोळा करून सरकारकडे भरतो, आणि तो आपल्या पॅनवर जमा झालेला आयकर खात्याच्या फॉर्म २६एएसमध्ये दिसतो. प्रत्येकाने आपापला फॉर्म उघडला. कोणाच्याही नावावर एक रुपया नव्हता. पैसे ज्या खात्यात गेले होते ते कंपनीचं नव्हतंच, एका व्यक्तीचं बचत खातं होतं. हवामान, हंगाम, क्षमता यांवर कितीही बोलता येतं. सरकारच्या नावाने घेतलेले पैसे सरकारकडे का नाहीत, याला गोड उत्तर नसतं.

त्याच्या ‘फ्रेंच पार्टनर’चं नाव शेवटपर्यंत मिळालं नाही. फ्रान्समध्ये सहली विकणाऱ्या प्रत्येक संस्थेची आतू फ्रांस या सरकारी संस्थेच्या नोंदवहीत नोंद असावी लागते. ‘आयएम’ने सुरू होणारा हा क्रमांक ऑनलाइन तपासता येतो, आणि नोंदणीसाठी ग्राहकांच्या पैशांची आर्थिक हमी द्यावी लागते. पार्टनर खरा असेल तर हा क्रमांक द्यायला एक मिनिट लागतं. गाइडचं ओळखपत्रही तिथल्या क्रीडा खात्याच्या संकेतस्थळावर पडताळता येतं. युरोपीय संघाचा पॅकेज सहलींचा कायदाही बराच कडक आहे: सहलीत महत्त्वाचा बदल झाला, किंवा किंमत ८ टक्क्यांहून जास्त वाढली, तर ग्राहक दंड न भरता करार मोडू शकतो. पण नाशकात बसून आपल्याला पॅकेज विकणाऱ्या माणसावर तो चालवणं आपल्या हातात नाही. थेट तिथल्या नोंदणीकृत आयोजकाकडून घेतलं तरच त्याचा आधार.

आपल्याकडे २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार स्वतः राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगात तक्रार करता येते, घटनेपासून दोन वर्षांच्या आत. विक्रेता पुण्याचा असो की मुंबईचा. आधी १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर नोंद केली, त्याचा परिणाम म्हणून चाखणीचे पैसे परत आले, ‘सदिच्छा म्हणून’. बाकीच्यासाठी आयोगात गेलो आहोत. सोबत रद्द बुकिंगच्या मेल, शेतघराचं पत्र आणि सगळ्यांचे २६एएस जोडलेत. ज्यांनी एक हप्ता क्रेडिट कार्डाने भरला होता त्यांनी बँकेकडे वेगळा दावा टाकलाय. यूपीआयने भरलेल्यांना तो मार्ग मिळाला नाही.

दरम्यान त्याच माणसाची नवीन जाहिरात फिरते आहे, वेगळ्या नावाने: पुढच्या मोसमात मोझेल खोरं, ‘मर्यादित जागा’. रीकविरच्या वेशीपाशी काढलेला आमचाच फोटो त्यात वापरलाय. कोणी पहिला हप्ता भरला असेल तर पैसे कोणाच्या नावाच्या खात्यात गेले ते आजच बघा, आणि हॉटेलांना स्वतः मेल करा. व्हिसा लागायच्या आधी एकदा आणि लागल्यावर आठवड्याने पुन्हा.