ग्रासकटर ठेवणीत टाकताना: ऑईल ओतावं की ओढून काढावं?

बागेची बेणणी, म्हणजे गवत-झुडपं काढणं आटोपलं, वणव्याच्या भीतीने फेब्रुवारीत गडग्याकडेचं, म्हणजे दगडी कुंपणाकडेचं गवतही मारून झालं, की आमचा ग्रासकटर, म्हणजे दांड्याचं गवत कापायचं मशीन, पडवीच्या कोपऱ्यात जातो तो ऑगस्ट-सप्टेंबरलाच बाहेर येतो. मधले सहा-सात महिने त्याच्या पोटात पेट्रोल आणि जुनं ऑईल तसंच ठेवू नये, हे आता बहुतेकांना पटलेलं आहे. पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल यायला लागल्यापासून तर जास्तच. इथेनॉल हवेतला ओलावा शोषून घेतं, आणि रत्नागिरीकडच्या जून-जुलैच्या हवेत ओलाव्याला तोटा नाही. तेव्हा काढायचं की नाही हा प्रश्न नाहीच. कसं काढायचं आणि काढल्यावर कुठे द्यायचं, एवढंच ठरवायचं असतं.

मी बोलतोय ते ३५ सीसीच्या फोर-स्ट्रोक मशीनबद्दल, ज्यात ऑईल पेट्रोलपासून वेगळं भरतात. टू-स्ट्रोकवाल्यांचं ऑईल पेट्रोलमध्येच मिसळलेलं असतं, त्यांनी पुढचं पेट्रोलपुरतंच वाचावं.

पेट्रोलच्या बाबतीत दोन मतं असण्यासारखं फारसं काही नाही. इंजिन थंड असताना, ऑईलचं झाकण घट्ट आहे ना हे बघून, टाकी बारीक जाळीच्या नरसाळ्यातून डब्यात ओतावी. मग मशीन चालू करून आपोआप बंद पडेपर्यंत चालवावी, म्हणजे कार्बोरेटरमधलंही संपतं. निघालेलं पेट्रोल महिन्याच्या आतलं असेल तर मी स्कूटरच्या भरलेल्या टाकीत टाकतो. टू-स्ट्रोकचं ऑईलमिश्रित पेट्रोल मात्र स्कूटरला घालू नये. नळी तोंडाने ओढायची सवय आमच्याकडे अजून आहे, ती सोडाच. पेट्रोल छातीत गेलं तर दवाखाना गाठावा लागतो.

खरी निवड ऑईलची. एक रीत ओतण्याची. इंजिन कोमट असताना ऑईलचं झाकण उघडायचं, मशीन कलती करायची आणि खाली डबा धरायचा. माहितीपुस्तिकेतही हीच दिलेली असते आणि तिचा मोठा गुण मान्य करायलाच हवा: तळाशी बसलेला गाळ आणि धातूची बारीक पूड धारेबरोबर वाहून जाते. काही विकत आणावं लागत नाही. ज्याच्याकडे चार-पाच मशीन आहेत आणि हाताखाली माणूस आहे, त्याचं काम यात झटपट होतं. मीही चार-पाच वर्षं असंच करत होतो.

त्रास सुरू झाला मशीन जुनी झाल्यावर. पेट्रोल टाकीच्या झाकणाचा वायसर (आतली रबरी चकती) कडक झाला होता, आणि ते माझ्या लक्षात आलं नव्हतं. दोन वर्षांपूर्वी मशीन ठेवणीत टाकायला उशीर होऊन मे महिना उजाडला, आभाळ भरून आलेलं, म्हणून टाकी ओतली पण मशीन कोरडी चालवायची राहिली. धाकट्या भावाने दांडा उचलून धरला, मी खाली डबा धरला. काळी धार पडायला लागली, आणि टाकीच्या कोपऱ्यात अडकलेलं पेट्रोल झाकणाच्या कडेने पाझरून इंजिनच्या अंगावरून त्याच डब्यात उतरलं. काळ्या ऑईलमध्ये पेट्रोल मिसळलेलं दिसत नाही, वास तेवढा येतो. तोही आम्हाला उशिरा आला.

नेहमीप्रमाणे ते पाण्याच्या रिकाम्या बाटलीत भरून स्टॉपवरच्या गॅरेजात नेलं. स्कूटरचं जळकं ऑईल जिथे ड्रममध्ये साठवतात, तिथेच मी माझंही देतो. गॅरेजवाल्याने बूच उघडलं, वास घेतला, बूच लावलं आणि बाटली परत हातात दिली. "ह्यात पेट्रोल आहे. ड्रममध्ये नको." त्याचं बरोबरच होतं. शेजारीच वेल्डिंग चालतं, आणि ड्रम उचलायला येणारा माणूसही भेसळ घेत नाही.

ती बाटली चार महिने आमच्या पडवीच्या बाहेर, चिऱ्याच्या कोनाड्यात उभी होती. दुपारी ऊन तापलं की तिचं प्लास्टिक टम्म फुगायचं, रात्री पुन्हा बसायचं. आई दर आठ दिवसांनी विचारायची, "काय रे, ही बाटली अजून इथेच? पोरं खेळतात इथे." ओतायची कुठे? गडग्यापलीकडे ओतावी तर खाली ४० फुटांवर विहीर, आणि आमचा जांभा दगड म्हणजे नुसती चाळण. पावसाचं पाणी ज्या वाटेने विहिरीत उतरतं त्याच वाटेने हेही उतरणार. चुलीत घालावी तर भडका. शेवटी गणपतीनंतर त्याच गॅरेजवाल्याने चेन-स्प्रॉकेटची घाण सोडवायला ती मागून घेतली, तेव्हा सुटलो. शंभर मिलीसाठी चार महिने जीव टांगणीला होता. मशीन ओतून रिकामी करण्यावरचं माझं मन तिथे उडालं.

तेव्हापासून मी ऑईल ओढून काढतो. मेडिकलमधून ६० मिलीची मोठी सिरिंज आणि सलाईनची नळी आणली. नळीचा वीतभर तुकडा सिरिंजला घट्ट बसतो. मशीन कोरडी चालवून झाली की ऑईल गरम असतंच. दहा मिनिटं थांबायचं, हाताला सोसेल इतकं झालं की मशीन कट्ट्यावर ठेवून झाकणाच्या बाजूला किंचित कलती करायची, नळी तळापर्यंत सोडायची आणि सावकाश ओढायचं. पहिल्या ओढीला सिरिंज काळी भरते, दुसरी अर्धीमुर्धी, तिसऱ्या ओढीला नुसते बुडबुडे. दांडा धरायला कुणी लागत नाही. ऑईल भोकातून थेट नळीत जातं, त्यामुळे टाकीच्या झाकणातून काही पाझरलं तरी त्याचा बाटलीशी संबंध येत नाही. सिरिंजवर आकडे असल्याने किती निघालं तेही कळतं. या मशीनमध्ये १०० मिली ऑईल बसतं, माझं साधारण ८५-९० निघतं.

म्हणजे थोडं आत राहतं, आणि ही उणीव लहान नाही. राहतं ते तळाचं, जिथे गाळ असतो. यावर मी २५-३० मिली नवं ऑईल घालून मशीन हलक्या हाताने हलवतो आणि पुन्हा ओढतो. शिवाय वर्षातून एकदा, टाकी पूर्ण कोरडी असतानाच, कलती करूनही घेतो. दुसरी गोष्ट, ही सिरिंज पेट्रोलला लावू नये. मी एकदा लावली, तर दट्ट्याचं रबर फुगून नळकांड्यात असं अडकलं की दट्ट्या हलेना. नवीन आणावी लागली. आता तिच्यावर मार्करने "ऑईल" लिहून ती औषधांपासून लांब, हत्यारांच्या पेटीत ठेवतो.

ज्यांची मशीन नवी आहे, टाकीचं झाकण घट्ट बसतं आणि जोडीला माणूस आहे, त्यांना ओतण्यात काही अडचण येईल असं मी म्हणणार नाही. प्रत्येकाची मशीन वेगळी, झाकणाची जागा वेगळी. पण मशीन पाच-सात वर्षांची असेल आणि एकट्याने करायचं असेल, तर मला वाटतं सिरिंजच बरी पडेल.

कारण मला विचाराल तर ऑईल निघण्यापेक्षा ते कुणीतरी घेण्यासारखं राहणं महत्त्वाचं. जळकं ऑईल नोंदणीकृत पुनर्प्रक्रियेकडे जावं असा नियम आहे, आणि १ एप्रिल २०२४ पासून त्याची जबाबदारी ऑईल बनवणाऱ्या कंपन्यांवरही टाकली आहे. पण वाडीवरून तिथपर्यंतची आपली पहिली पायरी म्हणजे गॅरेजचा ड्रमच. १०० मिली म्हणजे एवढंसं, कुणाला कळतंय, असं वाटतं खरं. पुस्तिकेप्रमाणे दर ५० तासांनी बदलायचं, म्हणजे दिवसाला पाच-सहा तास चालवणाऱ्याला नऊ-दहा दिवसांत एकदा. हंगामात तीनदा आणि ठेवणीच्या वेळी एकदा धरलं तर एका मशीनचं ४०० मिली. वाडीत १५ मशीन धरल्या तर सहा लिटर, दर वर्षी. वाशांना वाळवीसाठी फासणारे, कुंपणाच्या खुंटांना लावणारे आमच्याकडेही आहेत. पूर्वी आम्हीही लावायचो. खुंटाचं ऑईल पहिल्या पावसात मातीत उतरतं, म्हणून आता लावत नाही.

सध्या पडवीत एक लिटरचा ऑईलचाच रिकामा डबा ठेवला आहे, घट्ट बुचाचा. पाण्याची बाटली नको, कोणी चुकून तोंडाला लावेल. शेजारच्या दोन घरांचंही त्यातच येतं. घेताना मी बूच उघडून वास घेतो, पेट्रोलचा आला तर वेगळं ठेवायला सांगतो. डबा भरला की स्टॉपवर जाताना स्कूटरच्या पुढ्यात ठेवून नेतो.