भोवळीचं कारण: कॅलगरी की ईजीसिस?

भोवळ येऊन पडलेला माणूस दवाखान्यात पोचेपर्यंत उठून बसलेला असतो. बीपी ठीक, नाडी ठीक, आणि सोबतची चार माणसं चार गोष्टी सांगत असतात. अशा वेळी कारणाचा अंदाज बांधायला टेबलाच्या काचेखाली कोणता तक्ता ठेवावा, हा प्रश्न प्रॅक्टिसच्या सुरुवातीला मलाही पडला होता. जीभ चावली का, नंतर गोंधळलेला होता का, हे विचारून फिट बाजूला काढली आहे असं धरून पुढचं लिहितो.

कॅलगरीचा स्कोअर २००६चा, कॅनडातला. सात प्रश्न, बेरीज उणे दोन किंवा त्याहून वर गेली की व्हेसोव्हेगल, म्हणजे नाडी-बीपी क्षणभर उतरून आलेली साधी भोवळ. मूळ अभ्यासात संवेदनशीलता (साधी भोवळ बरोबर ओळखणं) ८९ टक्के, विशिष्टता (ती नसलेल्यांना बरोबर वगळणं) ९१ टक्के. बरीच वर्षं मी हाच वापरला. पण त्यात एक प्रश्न आहे: बेशुद्धीत रुग्ण निळा पडलेला कोणी पाहिला का? 'हो' म्हटलं की उणे चार.

आपल्याकडे पडणारा प्रत्येक माणूस काळानिळाच पडतो! मे महिन्यातलं लग्न, पन्नाशीचे गृहस्थ, मधुमेह नाही. मांडवात तासभर उभे, मळमळलं, दरदरून घाम आला आणि कोसळले. आयुष्यात पहिल्यांदाच. बायको सांगत होती, "अहो डॉक्टर, पार काळेनिळे पडले होते हे." निळे म्हणून उणे चार, पस्तिशीनंतरची पहिली भोवळ म्हणून उणे तीन, उभं राहण्याचा एक आणि घामाचे दोन. बेरीज उणे चार, म्हणजे व्हेसोव्हेगल नाही. मग मी विचारलं, "ताई, ओठ निळे होते की चेहरा पांढरा?" "पांढराफटक हो! रक्तच नव्हतं तोंडावर." उणे चार खोडले, बेरीज शून्यावर आली, निदान उलटलं. एका वाक्प्रचारावर! असं तीन-चारदा झाल्यावर त्या तक्त्यावरचा माझा विश्वास उडाला. सावळ्या कातडीवरचा निळेपणा भर मांडवात कोण ओळखणार, हा प्रश्न राहतोच.

मधुमेहालाही तिथे थेट उणे पाच. मधुमेही माणूस पस्तिशीनंतर पहिल्यांदा पडला असेल, तर अधिक गुणांचे तिन्ही प्रश्न (ताटकळणं, घाम, आणि सुई-रक्त-वेदनेचे तीन) 'हो' आले तरच तो जेमतेम उणे दोनला टेकतो. माझ्या ओपीडीत हे परवडत नाही.

ईजीसिस २००८चा, इटलीतला. तो प्रश्न उलट्या बाजूने विचारतो: कारण हृदयात आहे का? आधी धडधड झाली तर चार, ईसीजी बिघडलेला किंवा हृदयविकार असेल तर तीन, श्रम करताना पडला तर तीन, आडवा असताना शुद्ध गेली तर दोन. मळमळ-उलटीला उणे एक. उकाडा, गर्दी, ताटकळणं, भीती किंवा वेदना यांना मिळून उणे एक. तीन झाले की हृदयाकडे बघायचं. मांडवातल्या त्या गृहस्थांचा ईसीजी साफ होता. ईजीसिसवर त्यांचे उणे दोन.

यातही खोड आहेच. जुन्या बीपीवाल्याच्या ईसीजीत एलव्हीएच (हृदयाच्या डाव्या कप्प्याची जाडी) दिसलं की तेवढ्यावरच तीन. धडधडीचंही तसंच, घाबरलेल्या माणसाला ती होतेच. पण शाळेच्या प्रार्थनेत मळमळून पडलेली मुलगी "धडधडलं" म्हणाली, तरी चारातून दोन जाऊन दोनच उरतात, हे मला आवडलं. ईजीसिसची चूक झाली तर बहुधा एखादा इको (हृदयाची सोनोग्राफी) जादा होतो. कॅलगरीची चूक कधी या बाजूला होईल कधी त्या, असं आपलं मला वाटतं.

दवाखान्यात ईसीजी मशीनच नसेल, किंवा रुग्ण बहुतेक कॉलेजची निरोगी पोरं असतील, तर कॅलगरी घ्यायला हरकत नाही. माझ्याकडे पन्नाशीपुढचे जास्त. म्हणून ईजीसिसचा आकडा ईसीजीच्या कोपऱ्यात पेन्सिलीने लिहितो. सुई किंवा रक्त बघून पडलात का, हा कॅलगरीचा प्रश्न मात्र अजून विचारतो. निळेपणाचा नाही.