चार गुडघे, तीन मुक्काम: पायी माथेरान

माझं वय 58, धाकट्या नणंदेचं 53. दोघींच्या मिळून चार गुडघ्यांपैकी धड म्हणावेत असे दीड. ट्रेकिंग आपलं काम नाही हे ठाऊक होतं, पण डॉक्टरांच्या "रोज चाला"पायी सोसायटीच्या पार्किंगमध्ये घाण्याला जुंपल्यासारख्या फेऱ्या मारून वीट आला होता. म्हणून डिसेंबरात मंगळवार ते शुक्रवार माथेरान. अट एकच, घोड्यावर बसायचं नाही.

कर्जत लोकलने नेरळला उतरलो. मिनी ट्रेनच्या तिकीट खिडकीशी पोचेपर्यंत गाडी भरलेली. चूक आमचीच, घरी डबे भरत बसलो होतो. मग शेअर टॅक्सीने दस्तुरी नाका. पुढे खाजगी गाड्यांना बंदी, त्यामुळे तिथल्या अमन लॉज स्टेशनवरून शटल, म्हणजे माथेरान बाजारापर्यंत जाणारी मिनी ट्रेन, पकडली. सामान पाठीवरच्या पिशवीएवढं असेल तर शटलही सोडा, अडीच-तीन किलोमीटर चालत बाजारात जाता येतं. पाय तिथेच मोकळे होतात.

हॉटेलचं नाव लिहीत नाही. फोनवर "मार्केटपासून पाच मिनिटं" म्हणाले होते. ती बहुधा घोड्याची पाच मिनिटं. आम्हाला 22 लागली, तीही बॅगा हमालाच्या डोक्यावर असताना. गरम पाणी सकाळी सात ते आठ. म्हणजे पहाटे फिरून या आणि गार पाण्याने आंघोळ करा. एक तारा इथेच कापला.

आता चालण्याबद्दल. माथेरान साधारण 800 मीटर उंचीवर आहे, पण वरचा माथा बराचसा सपाट, त्यामुळे नवशिक्यांना दम लागत नाही. फसवतात ते कड्याकडे उतरत जाणारे रस्ते. जाताना गप्पा मारत उतरायचं आणि दमल्यावर तेवढंच चढून यायचं. पहिल्या संध्याकाळी ही गोम लक्षात आली नाही. परतताना नणंद दर वळणावर, "वहिनी, अजून किती गं?" दुसऱ्या दिवसापासून अर्धा दम परतीसाठी राखून ठेवायला लागलो.

सगळ्यात सुंदर दिवस दुसरा. शार्लोट लेक, शेजारी पिसरनाथाचं देऊळ, मग लॉर्ड, इको आणि शेवटी लुईझा पॉइंट. झाडी अशी की अकरा वाजता टोपी पिशवीत गेली. माती जांभ्याची, लाल, वाळून पिठासारखी झालेली. पाऊल पडलं की फुस्सकन घोट्यापर्यंत उडते. वाटेवर झाडांची मुळं आडवी, उघडी, घोड्यांच्या टापांनी गुळगुळीत झालेली. त्यांच्यावर सरळ पाय ठेवला तर बूट सटकतो आणि अंगठा पुढे जाऊन आपटतो. नणंदेने तिसऱ्या मुळाला युक्ती काढली, पाय जरा तिरका ठेवायचा आणि टाच आधी टेकवायची. त्यानंतर ती पुढे, मी मागे. लुईझाला समोर प्रबळगड, खाली नुसतं ऊन. अर्धा तास बसलो, कोणी उठवलं नाही. "सात पॉइंट दोन तासांत" करणाऱ्यांना फोटो मिळतात, हे बसणं मिळत नाही.

घोडेवाले मात्र जागोजागी अडवतात. "मावशी, चालत दोन तास लागतील." लागली 35 मिनिटं. राग धरू नका, त्यांचं पोट त्यावर आहे. हसून पुढे चला. मुख्य रस्त्यावर पेव्हर ब्लॉक आहेत. धूळ कमी, पण उतारावर माझ्या गुडघ्यांना मातीच बरी वाटली.

तिसऱ्या दिवशी दक्षिणेला, अलेक्झांडर, रामबाग आणि चौक पॉइंट, मग वन ट्री हिल. तिथून शिवाजी लॅडरची वाट खाली उतरते. नवख्यांनी वरूनच बघावी. चौकला माकडाने माझ्या बाजूच्या खिशातून बिस्किटांचा पुडा काढला, माझ्याकडे बघत सोलला आणि चुरा तेवढा माझ्या पायाशी टाकला. खाण्याचं काहीही चेनच्या आत ठेवा. फाट्यांवर पाट्या दिसल्या, आतल्या पायवाटांवर फारशा नाहीत. तिथे विचारत जायचं. पॅनोरमा पॉइंट उत्तर टोकाला, जाऊन-येऊन लांब पडतो. तो आमच्याने झाला नाही.

परतीला मिनी ट्रेन मिळाली. 1907 मध्ये सुरू झालेली ही दोन फूट रुंदीची लाईन 21 किलोमीटरमध्ये डोंगर उतरते, आणि तेही इतकं सावकाश की पानं मोजावीत. पावसाळ्यात नेरळ ते अमन लॉज गाडी बंद असते, शटल तेवढी चालते. तसंही शेवाळलेल्या वाटांवर आमच्या वयाला पावसाळा नको. नोव्हेंबर ते फेब्रुवारी जा, आणि शनिवार-रविवार टाळा.

बूट घरी वापरलेले, मळलेले न्या. नणंदेने नवेकोरे पांढरे मोजे नेले होते. तीन धुण्यांनंतरही घोट्याशी लाल पट्टा आहे. फेब्रुवारीत पॅनोरमाला जायचं म्हणून तिने तेच बाजूला काढून ठेवलेत. हॉटेल या वेळी मी शोधणार आहे, बाजारातच.