ट्रिमरसाठी हायलमची बेस प्लेट: एक अख्खा पावसाळा वापरल्यानंतर

ट्रिमर, म्हणजे एका हातात मावणारा छोटा राउटर (वेगाने फिरणाऱ्या पात्याने, म्हणजे बिटने, लाकडाची कड आणि खाच कापणारं मशीन), विकत घेतला की त्याच्या तळाला साधारण हाताच्या पंजाएवढी प्लेट येते. लॅमिनेटची कड कापायला ती पुरते. पण सागवानी लिपिंग (प्लायच्या कडेला लावलेली लाकडी पट्टी) प्लायशी समपातळीत आणायची असेल, टेबलटॉपच्या कडेला गोलाई द्यायची असेल किंवा सरळ पट्टीला टेकवून खाच मारायची असेल, तर तिची मर्यादा लगेच कळते. बिट कडेवर चालत असताना प्लेटचा जेमतेम अर्धा भाग लाकडावर असतो. बाहेरच्या कोपऱ्यावर पोहोचलं की फक्त पाव भाग उरतो. मोटर उभी आणि वजन वर, त्यामुळे मशीन तिथे हमखास कलतं आणि कोपऱ्यावर चावा बसतो. हात सराईत असला तरी हे घडतं, कारण दोष टेकू कमी असण्याचा आहे.

यावरचा उपाय म्हणजे पाण्याच्या थेंबाच्या आकाराची मोठी प्लेट. एका टोकाला मशीन, दुसऱ्या निमुळत्या टोकाला मूठ. मूठ कायम लाकडाच्या आतल्या बाजूला राहते, एक हात तिच्यावर दाब ठेवतो आणि दुसरा मोटर फिरवत नेतो. ठाण्यात आणि नवी मुंबईत सुतारकाम करणाऱ्यांनी अशी प्लेट बनवायला घेतली, तर पहिला प्रश्न मालाचा येतो. या लेखाचा मोठा भाग त्यावरच आहे, कारण वापरात सगळ्यात जास्त फरक तिथेच पडला.

पारदर्शक अ‍ॅक्रिलिक सगळ्यांना आधी सुचतं. वागळे इस्टेट किंवा तुर्भे-महापे पट्ट्यात बोर्ड बनवणाऱ्यांकडून लेझरवर कापूनही मिळतं, कड चकचकीत येते, खालची रेघ दिसते. पण लेझरने कापलेल्या कडेत ताण अडकून राहतो. लॅमिनेट चिकटवताना रबर सोल्युशन प्लेटला लागतं आणि आपण सवयीने थिनरचं फडकं फिरवतो. थिनर लागला की त्या कडेवर आणि भोकांभोवती केसासारख्या बारीक भेगा उठतात. आधी त्या उजेडात धरल्यावरच दिसतात, पुढे स्क्रूच्या भोकापासून कडेपर्यंत जातात. कापल्यानंतर अ‍ॅक्रिलिक सुमारे ८० अंशांवर काही तास तापवून सावकाश थंड केलं तर हा ताण बराच उतरतो, पण असं करून देणारा गाळेवाला शोधावा लागतो. पॉलिकार्बोनेट तुटत नाही, हा त्याचा मोठा गुण. मात्र ते अ‍ॅक्रिलिकपेक्षाही लवचिक आहे, ओरखडे पटकन घेतं आणि लेझरवर कापलं की कड पिवळी-तपकिरी होते.

म्हणून रोजच्या कामासाठी आमची पसंती हायलमला, म्हणजे बेकेलाइट शीटला. इलेक्ट्रिकल पॅनेलवाले वापरतात तेच. ते दोन प्रकारांत येतं: कागदी आणि कापडी. कापडी मागा. कड कापताना ते कमी झडतं आणि भोकाच्या तोंडाशी टवके उडत नाहीत. जाडी ८ मिमी. ६ मिमीचा तुकडा हातात कडक वाटतो, पण मूठ बिटपासून लांब असल्यामुळे दाबाखाली वाकतो. वाकणं जाडीच्या घनाच्या प्रमाणात कमी होतं, त्यामुळे ६ वरून ८ वर गेल्यावर ताठपणा दुपटीहून जास्त वाढतो. १० मिमी आणखी ताठ, पण तेवढी बिटची लांबी प्लेटमध्येच खर्च होते. मूळ प्लेटची जाडी व्हर्निअरने मोजा. ती ५.५ मिमी असेल आणि नवी ८ मिमी, तर बिट २.५ मिमी कमी बाहेर येणार. १९ मिमी प्लायला दोन्ही बाजूंनी १ मिमी लॅमिनेट असेल तर २५ मिमी पात्याच्या बिटला हा हिशेब काठावर बसतो. भरपाई म्हणून बिट कोलेटमधून (बिट आवळून धरणाऱ्या चिमट्यातून) बाहेर ओढू नका. शँकचा, म्हणजे बिटच्या दांडीचा, किमान तीन-चतुर्थांश भाग आत हवाच.

मापं अशी: गोल भागाचा व्यास १५० मिमी, बिटच्या केंद्रापासून मुठीच्या केंद्रापर्यंत १४० मिमी, मुठीकडची गोलाई ३० मिमी त्रिज्येची. एकूण लांबी २४५ मिमी. मूठ याहून लांब नेली तर दाब द्यायला सोपं जातं, पण किचनच्या शटरसारख्या अरुंद कामावर टोक दुसऱ्या कडेबाहेर लोंबतं.

आता खरं नाजूक काम, भोकांच्या जागा. जुनी प्लेट वर ठेवून पेन्सिलने गोल काढणं ही सर्रास पद्धत, आणि निम्म्या प्लेट तिथेच बिघडतात. जास्त भरवशाची पद्धत पुढे देतो. मशीनचा प्लग काढा आणि जुनी प्लेट उतरवा. तुकड्यावर केंद्र ठरवून तिथे ६ मिमीचं उभं भोक ड्रिल स्टँडवर पाडा. कोलेटमध्ये ६ मिमीचा सरळ रॉड धरा. कोलेट पाव इंची असेल तर रॉड आणि भोक दोन्ही ६.३५ मिमीची घ्या. ६ मिमीचा रॉड किंवा बिट पाव इंची कोलेटमध्ये घट्ट झाल्यासारखा वाटतो, पण पक्का धरला जात नाही, आणि चालू मशीनमध्ये हे धोक्याचं आहे. मग मशीनच्या बेसमधल्या चार आट्यांत टोकदार ग्रब स्क्रू (बिनडोक्याचे स्क्रू) बसवा, टोक बाहेर आणि षटकोनी खाच आत, पक्कडीने हलके फिरवून प्रत्येकाचं टोक जेमतेम १ मिमी वर राहील असं. बहुतेक ट्रिमरना एम४ (४ मिमी स्क्रूचे) आटे असतात, तरी जुन्या स्क्रूवरून खात्री करा. रॉड तुकड्याच्या भोकात घालून मशीन सरळ खाली टेकवा आणि वरून लाकडी हातोडीचा एक हलका ठोका द्या. चार ठिपके उमटतात, आणि ते बिटच्या केंद्राशी जोडलेले असतात, जुन्या प्लेटच्या भोकांच्या ढिलाईशी त्यांचा संबंध राहत नाही.

ठिपक्यांवर आरपार भोक ५ मिमीचं पाडा. स्क्रू ४ मिमीचा, म्हणजे प्रत्येक बाजूला अर्धा मिमी खेळ राहतो आणि शेवटी प्लेट सरकवून केंद्र जुळवता येतं. खालच्या बाजूने १० मिमी व्यासाचं सपाट तळाचं खोलगट भोक ४.३ मिमी खोल करा. पॅन हेड स्क्रूचं डोकं ३.१ मिमी उंच आणि वायसर ०.८ मिमी, म्हणजे डोकं साधारण ०.४ मिमी आत बसतं. खाली ३.७ मिमी माल उरतो. स्क्रूची लांबी १० मिमी घेतली की साडेपाच मिमी आटे धरतात, अ‍ॅल्युमिनियमच्या बेससाठी हे पुरेसं आहे. १२ मिमीचा स्क्रू काही बेसमध्ये तळाला टेकतो. पान्याला घट्ट लागल्याचं जाणवतं, प्लेट मात्र सैलच असते आणि खाच मारताना ती कुरकुर करते. काउंटरसिंक स्क्रू इथे टाळा. त्याचं शंकूसारखं डोकं पाचरीप्रमाणे भोक फाकवतं. अ‍ॅक्रिलिक तर हमखास तडकतं. शिवाय शंकू आपलं केंद्र स्वतःच ठरवतो, त्यामुळे अर्धा मिमी सरकवायची सोयही जाते.

मधलं भोक ३० मिमीचं होल-सॉने (ड्रिलला लावायच्या गोल करवतीने) पाडा, पायलट ड्रिल आधीच्या ६ मिमीच्या भोकात चालतं. खाली प्लायचा तुकडा घट्ट आवळा, अर्धं कापून झालं की उलटून दुसरीकडून कापा. ३० हून मोठं भोक कशाला नको? कोपऱ्यावर टेकायला उरलेला पाव भागच त्यात आणखी कमी होतो. अगदी लहानही नको. भुसा अडकतो, बिट तापतं, आणि राळयुक्त प्लायमध्ये पात्यावर काळा थर चढतो.

बाहेरचा आकार एमडीएफच्या साच्यावरून घ्या. जिगसॉला धातूचं बारीक दातांचं पातं लावून रेघेबाहेर २ मिमी ठेवून कापा आणि मग बेअरिंगच्या कार्बाइड बिटने, जुनी प्लेट लावूनच, साच्याबरोबर करा. एचएसएस (हायस्पीड स्टील) बिट हायलमवर लगेच बोथटतं. वेग बदलता येणारं मशीन असेल, उदाहरणार्थ माकिता आरटी०७००सी, ज्यात १०,००० ते ३०,००० फेरे मिळतात, तर मधल्या वेगावर ठेवा. बॉश जीकेएफ ५५० सारखं ३३,००० फेऱ्यांचं एकाच वेगाचं मशीन असेल तर थर पातळ घ्या आणि एका जागी थांबू नका. बाहेरच्या कडेने घड्याळाच्या उलट दिशेने चला. हायलमची धूळ घशाला झोंबते, वासही येतो. मास्क आणि चष्मा लावूनच करा, आणि सोसायटीच्या फ्लॅटच्या बाल्कनीत हे काम करू नका.

कापलेल्या कडा २२० च्या पॉलिश पेपरने घासून त्यांवर पातळ लॅकरचे दोन हात द्या, मधल्या आणि स्क्रूच्या भोकांच्या आतूनही. कापडी हायलम कापलेल्या कडेतून थोडी आर्द्रता पितं, आणि खाडीकाठच्या हवेत जून ते सप्टेंबर तिला पुरेपूर मिळते. खालच्या कडेला अर्धा ते एक मिमी उतार काढा, नाहीतर प्लेट लॅमिनेटच्या सांध्यावर अडकते. मुठीला एम६ चा बोल्ट खालून, डोकं आत बुडवून. इथे काउंटरसिंक चालतो, केंद्राचा प्रश्न नाही आणि हायलम पाचर सोसतं.

बसवताना कोलेटमध्ये पुन्हा तो रॉड. चारही स्क्रू बोटाने लावा आणि रॉडपासून मधल्या भोकाच्या कडेपर्यंतचं अंतर व्हर्निअरने चार दिशांना मोजा. ३० मिमी भोक, ६ मिमी रॉड, म्हणजे सगळीकडे १२ मिमी यायला हवं. जुळलं की समोरासमोरचे स्क्रू आलटून पालटून आवळा. खात्री करायची तर टाकाऊ प्लायवर सरळ पट्टी लावून एक खाच मारा, मग प्लेट अर्धी फिरवून म्हणजे गोल भागाची दुसरी बाजू पट्टीला लावून दुसरी मारा. निमुळत्या भागामुळे पूर्ण उलटी फिरवता येत नसेल तर जेवढी फिरते तेवढी फिरवा. पूर्ण १८० अंश फिरली असेल तर दोन खाचांतला फरक म्हणजे केंद्र सरकल्याच्या दुप्पट अंतर.

इतके महिने वापरून काय दिसलं? कोपऱ्यावरचा चावा जवळपास संपला. सागवानी लिपिंग प्लायबरोबर करताना रंधा आणि पटाशी हातात घ्यायची वेळ क्वचित येते. पावसाळ्यात सपाटी टिकली. स्टीलची पट्टी आडवी, उभी आणि तिरकी धरून उजेडात पाहिली तर फट दिसत नाही. त्याच काळात साच्याचा एमडीएफ कडेने फुगला आणि मापाला उपयोगी राहिला नाही. साचा पुन्हा लागणार असेल तर तो ६ मिमी अ‍ॅक्रिलिकमध्ये करून ठेवा, तिथे थिनर लागत नाही. मूळ प्लेटचे साधे लोखंडी स्क्रू गंजले, म्हणून स्टेनलेस ३०४ वापरावेत आणि अ‍ॅल्युमिनियमच्या आट्यांत जाण्याआधी त्यांना किंचित ग्रीस लावावं. स्क्रू सैल होऊ नये म्हणून आट्यांत लावायचं द्रव्य (थ्रेडलॉकर) अ‍ॅक्रिलिक-पॉलिकार्बोनेटजवळ नेऊ नका, ते या प्लास्टिकला तडे पाडतं. हायलमवर त्याची गरजही भासली नाही. कामाचा दिवस सुरू करताना स्क्रू एकदा आवळून पाहणं पुरतं.

तक्रारीही आहेत. मुख्य म्हणजे रेघ दिसत नाही. वाकड्या नक्षीचं, हाताने चालवायचं काम असेल तर हायलम चुकीचं. त्यासाठी १० मिमी कास्ट अ‍ॅक्रिलिकची छोटी प्लेट वेगळी ठेवा. तिथे मूठ लांब नसते, त्यामुळे वाकण्याचा आणि तडकण्याचा त्रास कमी होतो. दुसरं, मशीनसोबत आलेला कडेचा गाइड आणि भुसा ओढणारं तोंड या प्लेटवर बसत नाही. व्हॅक्यूम लावून घरात काम करणाऱ्याला हे गैरसोयीचं आहे, आणि यावर समाधानकारक जुगाड आमच्याकडे नाही. तिसरं, प्लेटखाली अडकलेली कपची चकचकीत लॅमिनेटवर ओरखडा काढते. मोठी प्लेट म्हणजे कपची सापडायला जास्त जागा. अशा कामावर प्लेटच्या खाली मास्किंग टेपचा एक थर चिकटवा आणि दर फेरीला फुंकर मारा.

प्लेट सहज सरकावी म्हणून साधं मेण घासा. सिलिकॉनचा स्प्रे नको. त्याचा अंश लाकडावर राहतो आणि पुढे त्या जागी मेलामाइन किंवा पीयू पॉलिश फाटून बारीक खड्डे दिसतात, पॉलिशवाल्याला कारणही कळत नाही. मशीन ठेवताना प्लेटवर उभं करू नका, आडवं ठेवा किंवा प्लेट काढून सपाट ठेवा. आणि गाइड बुश (बिटभोवती बसणारी, साच्याच्या कडेला टेकून चालणारी नळी) वापरायचा असेल तेव्हा मूळ प्लेटच लावा. बुशचं भोक आणि बिट अगदी एककेंद्री लागतात, आणि अर्धा मिमी खेळ ठेवलेल्या प्लेटवर दर वेळी ते जुळवत बसण्यापेक्षा चार स्क्रू बदलणं लवकर होतं.