मांजरीची गोळी, कुत्र्याची गोळी: ॲम्लोडिपिन की एनालाप्रिल?

आमच्या वणीकडे आजीची ॲम्लोडिपिन ही बीपीची गोळी म्हाताऱ्या मांजरीलाही चालेल, असं वाटणारे आहेत. चालते, पण मोजून. ॲम्लोडिपिन धमनीच्या स्नायूत कॅल्शियम शिरू देत नाही. धमनी सैलावते, दाब उतरतो. मांजरीला साधारण २.५ मिलिग्रॅमच्या गोळीचा पाव तुकडा पुरतो, ब्लेडनं कापताना निम्मा भुगाच होतो म्हणा. (डोळ्यांच्या बाहुल्या वैशाखाच्या उन्हातही मोठ्याच राहिल्या, तर वाढलेल्या दाबानं डोळ्याचा आतला पडदा सुटल्याची शंका घ्या.) दाब झपकन पडला की हृदय धडधडतं, ही यातली खोट.

एनालाप्रिल धमन्या आवळणारं अँजिओटेन्सिन-२ तयार होण्यालाच आडवं येतं. कुत्र्यात बहुधा आधी याच गटातलं औषध देतात, लघवीतून प्रथिनं जात असतील तर विशेष. मांजरीत एकटं तोकडं पडतं. मांजरीला मी ॲम्लोडिपिनच देईन, तेही डॉक्टरांनी शेपटीला पट्टा बांधून दाब मोजल्यावर.