जुन्या पिकअपचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स, स्कॅनर आणि प्रेशर गेज: बरेच महिने वापरल्यावरचा अनुभव

आधी सांगतो हे कशाबद्दल आहे. माझ्याकडे जुना पिकअप आहे, चार स्पीडचा इलेक्ट्रॉनिक कंट्रोलवाला ऑटोमॅटिक, आणि गेले बरेच महिने मी त्याच्या गिअरबॉक्सच्या मागे लागलोय ते तीन गोष्टी घेऊन: ब्लूटूथवाला ओबीडी स्कॅनर (गाडीच्या कंप्युटरमधले कोड आणि आकडे वाचणारं यंत्र) आणि फोनमधलं ॲप, ३०० पीएसआयचा ऑईल प्रेशर गेज, आणि साधा मल्टीमीटर. गाडी थंड असताना एकदम छान चालायची, गरम झाली की चौथ्यात हलक्या ॲक्सिलरेटरवर थरथरायची, खडबडीत पट्ट्यांवरून गेल्यासारखी, आणि मग चेक इंजिनचा दिवा. दोन ठिकाणी दाखवली, दोन्हीकडे उत्तर एकच, गिअरबॉक्स उतरवून पूर्ण रिबिल्ड, म्हणजे सगळा उघडून झिजलेले पार्ट बदलणं. प्रेशर कुणीच मोजलं नाही, ऑईलचा वासही कुणी घेतला नाही.

स्कॅनर घेताना एक गोष्ट नक्की बघा. साधा कोड रीडर बहुतेक वेळा फक्त पी०७०० दाखवतो, आणि पी०७०० म्हणजे कुठला पार्ट गेला हे नाही, त्याचा अर्थ एवढाच की ट्रान्समिशनच्या कंट्रोलरने तक्रार नोंदवलीय आणि इंजिनच्या कंप्युटरला दिवा लावायला सांगितलंय. खरा कोड ट्रान्समिशनच्या बाजूला पडलेला असतो, तो वाचायला कंपनीचे खास पॅरामीटर वाचणारं ॲप किंवा स्कॅनर लागतो. माझ्यात आत पी०७४१ निघाला, म्हणजे टॉर्क कन्व्हर्टरचा (इंजिनची ताकद ऑईलमधून गिअरबॉक्सला देणारा भाग) लॉकअप क्लच, जो इंजिन आणि गिअरबॉक्स थेट जोडतो, तो नीट पकडत नाही. पी०७३१ ते पी०७३४ आले असते तर गोष्ट वेगळी, ते त्या त्या गिअरचं रेशो चुकल्याचे कोड, आणि पी०७५० पासून पुढचे शिफ्ट सोलेनॉईडचे, म्हणजे गिअर बदलायला ऑईलची वाट उघडबंद करणाऱ्या विजेच्या व्हॉल्व्हचे. हा फरक कळला नाही तर माणूस उगाच सोलेनॉईड बदलत बसतो.

जुन्या गाडीसाठी दुसरी अडचण डेटाच्या स्पीडची. अमेरिकेत १९९६ मॉडेलपासून ओबीडी-टू सक्तीचं झालं पण कॅन, म्हणजे गाडीतल्या कंप्युटरांशी बोलायची नवी वेगवान पद्धत, सगळ्यांना सक्तीचं झालं २००८ पासून, मधल्या काळातल्या बऱ्याच पिकअपमध्ये जुने प्रोटोकॉल (बोलायच्या जुन्या पद्धती) आहेत, त्यातले काही १०.४ किलोबिटवर चालतात, म्हणजे डेटा अगदी हळू येतो. ॲपमध्ये वीस आकडे एकदम लावले तर ग्राफ पायऱ्यापायऱ्यांचा येतो आणि शिफ्टच्या क्षणी नेमकं काय झालं ते निसटतं. मी फक्त चारच ठेवतो: इंजिन आरपीएम, आउटपुट शाफ्टचा स्पीड, लॉकअपची कमांड आणि ऑईलचं तापमान. एवढ्यात काम होतं आणि ग्राफही गुळगुळीत येतो. स्वस्तातल्या काही नकली ॲडॉप्टरवर जुने प्रोटोकॉल नीट चालतच नाहीत, जोडलं जातं पण मध्येच तुटतं, तेव्हा घेण्याआधी आपल्या गाडीचा प्रोटोकॉल चालतो का ते विचारून घ्या. आणि गाडी उभी ठेवताना काढून ठेवा, लावून ठेवला तर बॅटरी हळूहळू उतरते.

आता खरी मजबूत गोष्ट, लाईव्ह डेटावरून स्लिप काढणं, म्हणजे क्लच घसरून किती आरपीएम वाया जातात ते मोजणं. कोडपेक्षा मला याचा जास्त उपयोग झाला. लॉकअप पूर्ण पकडलेला असेल तर इंजिन आणि गिअरबॉक्सचा इनपुट एकाच स्पीडने फिरतात, मग हिशोब सोपा: आउटपुटचा आरपीएम गुणिले गिअरचा रेशो म्हणजे इंजिनचा आरपीएम. उदाहरण म्हणून जीएमच्या फोर-एल-सिक्स्टी-ई या चार स्पीडच्या गिअरबॉक्सचे रेशो घ्या, ३.०६, १.६३, १.०० आणि ०.७०. चौथ्यात आउटपुट २००० असेल तर इंजिन १४०० यायला हवं, १७०० दिसलं तर ३०० आरपीएम वाया जातायत आणि तेवढी उष्णता ऑईलमध्ये जातेय. माझ्याकडे थंड असताना हा आकडा जवळजवळ शून्य, ऑईल गरम होत गेलं की वाढत वाढत दोनशे अडीचशेपर्यंत, आणि थरथर नेमकी तिथेच सुरू. ब्रेकला नुसता पाय टेकवला की लॉकअप सुटतो, थरथर त्याच क्षणी बंद. हे फार कामाचं आहे कारण इंजिनचं मिसफायर (सिलिंडरमध्ये इंधन नीट न पेटणं) अगदी असंच वाटतं, पण मिसफायर ब्रेकला पाय टेकवून जात नाही. आणि लॉकअप नसताना तिसऱ्यात चढावर जोर दिला तरी आरपीएम एकटे पळत नव्हते, म्हणजे गिअरचे क्लच पकडतायत. इथेच माझा रिबिल्डवरचा विश्वास उडाला.

मग प्रेशर गेज. गिअरबॉक्सच्या बाहेरच्या केसिंगवर टेस्ट पोर्ट असतो, प्लग काढून होज लावायची, होज एक्झॉस्टपासून लांब बांधायची. गेज ३०० चाच घ्या, रिव्हर्समध्ये प्रेशर बऱ्याच गिअरबॉक्समध्ये दोनशेच्या वर जातं आणि लहान गेजचा काटा टोकाला जाऊन अडकतो. आकडे आपल्या गिअरबॉक्सच्या सर्व्हिस मॅन्युअलमधूनच घ्यायचे. माझे गरम असताना आयडलला, ड्राईव्हला, रिव्हर्सला सगळीकडे मर्यादेत आले, ॲक्सिलरेटर दिल्यावर लगेच चढलेही. म्हणजे पंप ठीक, फिल्टर चोक नाही. हे एक रीडिंग हातात आल्यावर गॅरेजवाल्याशी बोलायची पद्धतच बदलते, समोरचा अंदाजाने बोलत असेल तर ते लगेच कळतं.

स्टॉल टेस्ट मी मुद्दाम केली नाही आणि जुन्या गिअरबॉक्सवर कुणी करू नये असं माझं ठाम मत आहे. ब्रेक दाबून फुल ॲक्सिलरेटर, पाच सेकंदांत ऑईल इतकं तापतं की कमजोर क्लच तिथेच संपू शकतो, आणि मिळणारी माहिती लाईव्ह डेटातून मिळतेच.

मल्टीमीटरने सोलेनॉईडचे रेझिस्टन्स कनेक्टरवरूनच मोजले, थंड आणि गरम दोन्ही, कारण कॉईल गरम झाल्यावरच तुटणं हा नेहमीचा प्रकार आहे. बऱ्याच गिअरबॉक्समध्ये शिफ्ट सोलेनॉईड वीस-तीस ओहमच्या आसपास आणि प्रेशर कंट्रोलचा तीन ते पाच ओहम असतो. माझे सगळे बरोबर. पण मल्टीमीटरने दुसरीच गोष्ट पकडून दिली. दिवे आणि पंखा चालू असताना लॉकअप लागायचा सुटायचा, लागायचा सुटायचा, काहीही कारण नसताना. बॅटरीवर एसी व्होल्ट लावून बघितले तर ०.१ च्या बरेच वर. अल्टरनेटरचा डायोड गेला की करंटमध्ये हा गोंगाट येतो आणि स्पीड सेन्सरच्या सिग्नलमध्ये मिसळतो, कंप्युटर गोंधळतो आणि लॉकअप नाचतो. अल्टरनेटर बदलला, अर्थिंगच्या वायरी घासून परत घट्ट केल्या, तो त्रास पूर्ण गेला. गिअरबॉक्सला हातसुद्धा लागला नव्हता!

राहिली गरमीतली स्लिप. गिअरबॉक्सखालचा ऑईल पॅन काढला, मॅग्नेटवर बारीक करडी पेस्ट होती, ती चालते, जुन्या गाडीत असतेच. चकचकीत तुकडे किंवा क्लचचा काळा चुरा असता तर मीच रिबिल्डला हो म्हटलं असतं. ऑईल थोडं तपकिरी, जळका वास नाही, आणि गुलाबी दुधाळ तर नाहीच, तसं दिसलं तर रेडिएटरमधला कूलर फुटून पाणी आत गेलंय असं समजा आणि गाडी लगेच थांबवा. प्रेशर ठीक, सोलेनॉईड ठीक, क्लच ठीक, मग उरते व्हॉल्व्ह बॉडी (ऑईलच्या वाटा आणि व्हॉल्व्ह असलेला गिअरबॉक्समधला भाग), त्यातला लॉकअप नियंत्रित करणारा व्हॉल्व्ह. ॲल्युमिनियमच्या भोकात तो वर्षानुवर्षं हलत राहतो, भोक झिजतं, थंड जाड ऑईल फट भरून काढतं आणि गरम पातळ झालं की तिथून गळतं. म्हणून लक्षण फक्त गरम असताना. ज्याने व्हॉल्व्ह बॉडी काढली त्याने प्रेशर टेस्ट करून झीज दाखवली, भोक रीम करून (घासून नेमकं मोठं करून) मोठ्या मापाचा व्हॉल्व्ह बसवला, गिअरबॉक्स गाडीतच राहिला.

डिपस्टिकबद्दल थोडक्यात, कारण इथे फार गैरसमज आहेत. बहुतेक गाड्यांत इंजिन चालू, ऑईल गरम, पार्कमध्ये बघायचं, पण क्रायसलरच्या जुन्या रिअर व्हील ड्राईव्ह गिअरबॉक्समध्ये न्यूट्रलमध्ये. आणि ऑईल मॅन्युअलमध्ये लिहिलंय तेच, लाल रंग दिसला म्हणून कुठलंही नाही.

व्हॉल्व्ह बॉडीनंतर आता बरेच आठवडे झाले. स्लिपचा ग्राफ गरम असतानाही वीस आरपीएमच्या आत राहतो, ऑईलचं तापमान रिकाम्या गाडीला ऐंशी-पंच्याऐंशी डिग्री, माल भरून चढावर शंभरच्या थोडं वर जातं आणि सपाटीला आलं की पटकन उतरतं, आधी ते उतरायला फार वेळ लागायचा. माल नेहमी नेणार असाल तर बाहेरून जास्तीचा कूलर लावाच, मी पुढचा तोच बसवतोय. स्कॅनरला माझ्याकडून पाचपैकी चार, एक कमी तो ब्लूटूथ मध्येच सुटतो म्हणून. गेजला पाचपैकी पाच. आणि ॲप घेताना आपल्या गाडीच्या ट्रान्समिशनचे खास पॅरामीटर त्यात दिसतात का ते आधी ट्रायलमध्ये तपासा, नुसतं इंजिनचं ॲप घेतलं तर वरचं यातलं काहीच दिसणार नाही.