इमॅटिनिब की निलोटिनिब?

सीएमएल या रक्ताच्या कर्करोगात दोन्ही औषधं बीसीआर-एबीएल या एकाच प्रथिनाला रोखतात, पण घ्यायची पद्धत अगदी वेगळी.

इमॅटिनिब सहसा 400 मिलिग्रॅम, दिवसातून एकदा, जेवणासोबत आणि ग्लासभर पाण्याबरोबर. डोळ्यांभोवती सूज, मळमळ, रात्री पोटऱ्यांत गोळे येतात, बहुतेकांना निभावतं. 2013 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ग्लिवेकचं (इमॅटिनिबचा मूळ ब्रँड) पेटंट नाकारलं, त्यामुळे स्वस्त जेनेरिकचा मार्ग खुला राहिला.

निलोटिनिबचा परिणाम लवकर आणि खोलवर दिसतो, पण पथ्य कडक. नव्या रुग्णाला सहसा 300 मिलिग्रॅम दोनदा, तेही रिकाम्या पोटी: आधी दोन तास आणि नंतर एक तास काही खायचं नाही. सातला गोळी घेतली, तर आठपर्यंत बिस्किटसुद्धा नाही! अन्नासोबत घेतल्यास रक्तातलं प्रमाण वाढतं आणि हृदयाची लय बिघडू शकते. म्हणूनच सुरुवातीला ईसीजी, पोटॅशियम, मॅग्नेशियम तपासतात. मधुमेह किंवा हृदयविकार असेल, तर मला इमॅटिनिबचंच पारडं जड वाटतं; अर्थात निर्णय डॉक्टरांचा.

साधारण दर तीन महिन्यांची, रक्तातलं बीसीआर-एबीएल मोजणारी पीसीआर तपासणी दोन्हींत आलीच. सर्दी-खोकल्यासाठी कुणी क्लॅरिथ्रोमायसिन हे अँटिबायोटिक लिहून दिलं, तर आधी रक्तविकारतज्ज्ञांना विचारा; त्यानेही या औषधांचं रक्तातलं प्रमाण वाढू शकतं.